कुणाचा रे तू?

लहानपणी गावात ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं हटकायची, "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की पुढं जायला मोकळा. माझं स्वतःचं नाव कुणी विचारत नसे.

पहिल्या वारीला आळंदीत माळ घातली आणि दुसऱ्याच दिवशी, पुण्याच्या वाटेवर, पांढऱ्या केसांचा एक शेतकरी माझ्या पायांवर वाकला. "माउली" म्हणाला. मी पाय मागे ओढले. जे नाव ज्ञानोबांना, तेच मला? त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही.

यंदाची नववी वारी. एवढ्या वर्षांत टँकर कुठं उभा राहतो, राहुटी लवकर कशी गाठायची, हे सगळं अंगवळणी पडलेलं. दिवसातून शंभरदा "माउली" ऐकू यायचं आणि कानावरून निघून जायचं. हे वाईट, याची मला जाणीवही नव्हती.

पुणे ते सासवड हा टप्पा मोठा, तीसेक किलोमीटरचा. त्यात एकादशी आणि मध्ये दिवे घाट. माउलींचा रथ वर चढवायला जादा बैलजोड्या लावतात. टाळ एका लयीत, "ज्ञानोबा माउली तुकाराम" अखंड. शेवटच्या वळणाला खांद्यावरची पिशवी सारखी करताना पट्टा माळेत अडकला नि दोरा तुटला. मणी डांबरावर उडाले.

मी खाली बसलो. मागची माणसं अंगावर येतील असं वाटलं, पण माझ्याभोवती जागा झाली. चारपाच जण वाकून मणी वेचू लागले. पताकावाल्यानं चपलेखालचा एक काढून दिला. माळ गळ्यात नसताना तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही आमच्या दिंडीची रीत. घाटमाथ्यावर लोक केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाणी पुढं करत होते, मी हात जोडून पुढं सरकत होतो. घसा कोरडा पडला होता, पण त्याहून गळा मोकळा लागत होता. हात सारखा तिथं जाई आणि काही सापडत नसे.

आमच्या दिंडीतल्या तुळशीवाल्या आजीनं ते पाहिलं. परभणीकडची. डोक्यावरचं वृंदावन तिनं सुनेच्या डोक्यावर दिलं आणि रस्त्याकडेला बसून कनवटीची सुई-दोरा काढली. मणी पदरात घेतले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून एकेक ओवू लागली. तीन मणी सापडलेच नव्हते. तेवढी जागा तिनं गाठी मारून भरली.

"किती वर्सं झाली माळ घालून?"

"नऊ, आजी."

"मला बावन्न." मग हात न थांबवता म्हणाली, "रोज पहाटं उठले की आधी हात लावून बघते. हाय का म्हणून. आपण पांडुरंगाचे, हे मला अजून खरं वाटत न्हाई बघ, बाळा. इतक्या मोठ्याचे आपण कसं काय?"

बावन्न वर्षं! माझं तर नऊ वर्षांतच जुनं झालं होतं.

तिनं माळ पांडुरंगाचं नाव घेऊन माझ्या गळ्यात घातली आणि आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. तसं पाणी मी कधी प्यायलो नाही.

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या. हजारो टाळ वाजत होते. चोपदारांनी चोप वर केला आणि क्षणात सगळं गप्प. ज्या दिंडीची तक्रार असते तिचेच टाळ वाजत राहतात. त्या दिवशी कुणाचेच नव्हते. मग हरवलं-सापडलं पुकारू लागले. चष्मा, टाळ, पैशांची पिशवी. एक आजोबा चुकून दुसऱ्याच दिंडीत गेलेले, त्यांच्या दिंडीचा नंबर पुकारला. आडनाव नाही, गाव नाही. कुणाच्या दिंडीतले, एवढंच. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आमचे, आमचे!"

माझा हात माळेवर होता. बोट त्या गाठींपाशी अडत होतं.

सासवडच्या मुक्कामानंतर जेजुरीच्या वाटेला लागलो. अंधारच होता. मागून एक पोरगा आला, पखवाज गळ्यात, घाईत. "माउली, सरका जरा."

मी सरकलो. तो पुढं निघून गेला, तरी मी कडेला तसाच उभा होतो.