तुम्ही विचारलंत म्हणून: मिशिगन की ओहायो?

दिवाळीच्या चकल्यांचा डबा तळाला लागला की मिशिगन विद्यापीठाच्या गावाच्या, म्हणजे ॲन आर्बरच्या, आसपासच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो: "यंदा कोण, मिशिगन की ओहायो स्टेट?" कँटनच्या काकू विचारतात, नोव्हायचा मित्र विचारतो, हल्ली सांगलीहून सासरेबुवाही विचारतात. त्यांना खेळाचे नियम ठाऊक नाहीत, पण नोव्हेंबरातल्या एका शनिवारी जावई फोन उचलत नाही, एवढं ठाऊक आहे.

या दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ 1897 पासून एकमेकांशी खेळताहेत. आमच्या मैदानात एक लाख सात हजार माणसं बसतात, त्यांच्या कोलंबसमधल्या मैदानातही लाखाच्या वर. या आठवड्यात ओहायोवाले आपल्या कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात. आमचं आद्याक्षर आहे ना ते.

मला जाणकार ठरवलं 2021 च्या सामन्यानं. आधीचे सलग आठ सामने आम्ही हरलो होतो. तरी एका घरी मिसळ खाताना मी "मिशिगन" म्हणालो आणि भर बर्फात मिशिगननं 42-27 असा सामना मारला. ते मी मनानं सांगितलं होतं, डोक्यानं नव्हे. पण तेव्हापासून लोक मला पंचांग समजतात.

पंचांग फाटलं 2024 मध्ये. ओहायो देशात दुसऱ्या क्रमांकावर, आम्ही सहा जिंकून पाच हरलेले, सामना त्यांच्या घरी. सट्टेवाले त्यांना वीसेक गुणांनी पुढे धरत होते. आमचे दोन उत्तम खेळाडू, लव्हलँड आणि विल जॉन्सन, बाहेर. मी 34-13 सांगून मोकळा झालो. सामना आम्ही जिंकला, 13-10. आमच्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचे, पास सगळे मिळून 62 यार्डांचे. एवढ्यात जिंकायचं म्हणजे दीडशेच्या धावसंख्येवर कसोटी काढण्यासारखं.

पुढचा आठवडाभर मी तो सामना पुन्हा पुन्हा पाहिला. ओहायोच्या आघाडीच्या फळीतला सेंटर, म्हणजे दर डावाला चेंडू मागे देणारा मधला गडी, त्याच महिन्यात सरावात जायबंदी झाला होता. त्याच फळीतला डावीकडचा गडी, टॅकल, ऑक्टोबरातच जायबंदी होऊन गेला होता. आणि आमची ताकद नेमकी त्यांच्यासमोर, मधोमध: मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. तिथूनच चेंडू घेऊन घुसायचा हट्ट ओहायोनं सोडला नाही. दिवसभर धावून त्यांना 77 यार्ड मिळाले. वर दोन पास आमच्या हातात पडले आणि दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किका, हुकले. फील्ड गोलचे तीन गुण असतात आणि ते हरले तीनच गुणांनी. 45 सेकंद उरलेले असताना आमच्या किक मारणाऱ्या झ्वाडानं 21 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि मी सोफ्यावरून खाली आलो. सेंटरच्या दुखापतीची बातमी मी वाचली होती, बरं का. वाचली आणि सोडून दिली, कारण त्या गड्याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं.

तेव्हापासून मी आधी सामना किती लांब होईल ते बघतो. पाऊस पडून क्रिकेटचा सामना पाच-पाच षटकांचा झाला की दुबळ्या संघाचं फावतं ना, तसंच हे. एका सामन्यात प्रत्येक संघाला चेंडू साधारण दहा-बारा वेळा मिळतो. दुबळा संघ हळूहळू धावत घड्याळ खात बसला, तर त्या पाळ्या आणखी कमी होतात. मग एक हुकलेली किक किंवा एक निसटलेला चेंडू सगळं उलटंपालटं करतो. निसटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल यात तर कौशल्य फारच थोडं. तो लंबगोल आहे, हवा तिकडे उडतो.

मैदान कुणाचं याला मी दोन-तीन गुणांपलीकडे किंमत देत नाही. गेल्या चार सामन्यांत तीनदा पाहुणेच जिंकलेत. बर्फापेक्षा मी वाऱ्याला भितो. बर्फात दोघेही सारखेच घसरतात, वारा मात्र पासवर जगणाऱ्या संघाचे हात बांधतो. अर्थात बर्फालाही मर्यादा असते म्हणा. 1950 मध्ये कोलंबसला असं वादळ होतं की मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकदाही चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जाता आलं नाही. तरी ते 9-3 जिंकले.

गेल्या वर्षी ओहायो आमच्या घरी येऊन 27-9 जिंकून गेला. मी 27-17 सांगितलं होतं. नाव बरोबर आलं म्हणून काकूंनी लाडू दिला. मला ते आठ गुण टोचत होते. ओहायोचा आकडा तंतोतंत आला तो योगायोग, आणि आमचे फील्ड गोल मी मनातल्या मनात टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे जास्तीचे गुण, धरले होते. आपला रंग मिशिगनचा निळा असला की हे होतंच.

यंदा 28 नोव्हेंबरला आम्ही कोलंबसला जातोय. तर काकू, मित्रा, आणि बाबा, तुम्हीही लिहून घ्या: ओहायो स्टेट 23, मिशिगन 17. दोन्ही सेंटर धडधाकट आहेत असं धरून. आणि वारा ताशी 20 मैलांच्या वर गेला, तर शनिवारी सकाळी अकराच्या आत फोन करा. नंतर मी उचलणार नाही.