एकच पेन ड्राइव्ह, दोन तोंडं

पेन ड्राइव्ह एकच. त्यावर लिनक्स इन्स्टॉल करायची आयएसओ फाइलही एकदाच लिहिलेली. जुन्या डेस्कटॉपला लावला की पडद्यावर छान चित्र, मधोमध लोगो आणि खाली दहापासून उलटी मोजणी. नव्याला लावला की काळ्या पडद्यावर मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. ना चित्र, ना लोगो. या फरकापायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातली एक तर निव्वळ माझ्या सौंदर्यदृष्टीमुळे.

'नवा' म्हणजे माझ्या हिशोबाने नवा, २०१५ चा. जुना २००८ चा. दोघांत मिळून मॉनिटर एकच, केबल इकडची काढून तिकडे खोचायची. जुन्यावर फक्त लिनक्स टाकायचं होतं, नव्यावर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स.

नव्यावर तो काळा पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, फाइल अर्धवट उतरली असणार. चेकसम, म्हणजे फाइलीचा पडताळ्याचा आकडा, काढून पाहिला, तंतोतंत जुळला. पेन ड्राइव्ह पुन्हा लिहिला. दुसऱ्या पोर्टला लावला, मग मागच्या बाजूच्या पोर्टला. तेच काळं तोंड. शेवटी तोच पेन ड्राइव्ह जुन्याला लावला, तर रंगीत चित्र हजर! एका मशिनवर धडधाकट आणि दुसऱ्यावर आजारी असा पेन ड्राइव्ह नसतो, हे कळायला मला दुसरी संध्याकाळ उजाडावी लागली.

त्या संध्याकाळी नव्या मशिनचा बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, नीट वाचला. तिथे पोचणं हीच एक कसरत होती. फास्ट बूट चालू असल्यामुळे मशिन इतक्या घाईने विंडोजमध्ये शिरायचं की कीबोर्ड जागा होईपर्यंत वेळ टळून गेलेली असायची. मी एफ१२ बडवतोय आणि समोर लॉगिनचा पडदा! शेवटी विंडोजमधूनच, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं, तेव्हा फर्मवेअरच्या, म्हणजे मशिनच्या बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्जमध्ये जायची वाट मिळाली. तिथे फास्ट बूट बंद केलं.

आता मेन्यूत माझा पेन ड्राइव्ह दोनदा दिसत होता. एकदा नुसतं नाव, एकदा त्याच नावाआधी 'यूईएफआय'. आपोआप निवडली जात होती ती दुसरी ओळ. मी पहिली निवडली, आणि नव्या मशिनवर तो रंगीत पडदा उगवला. मला झालेला आनंद आठवला की आज लाज वाटते. चित्र आलं म्हणजे सगळं ठीक, असं मानून मी सरळ इन्स्टॉल सुरू केलं. चाळीसेक मिनिटं पट्टी सरकत राहिली. अगदी शेवटी निरोप आला की ग्रब (मशिन चालू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम) बसवता आला नाही, ही घातक चूक आहे. रीस्टार्ट केलं तर मशिन काही झालंच नाही अशा थाटात विंडोजमध्ये गेलं. डिस्कवरची जागा मात्र गेलेली.

मित्राला फोन केला. त्याला त्या घातक चुकीच्या निरोपाचा फोटो पाठवू लागलो तर म्हणाला, "अरे, तो फोटो राहू दे. आधी सांग, बूट मेन्यूत कुठली ओळ निवडलीस?" मी सांगितलं. "का रे?" "ती दिसायला बरी होती." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग त्याने समजावलेलं आणि नंतर मी स्वतः खणून काढलेलं, ते असं.

जुनं मशिन बायोस नावाच्या फर्मवेअरवर चालतं. ही पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली. मशिन चालू झालं की बायोस अवयव तपासतो, मेमरी मोजतो आणि मग डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो. त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण सापडली की 'तू आता बघ' म्हणून तिथल्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवतो. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे बायोसच्या गावीही नसतं. नव्याचं फर्मवेअर यूईएफआय. त्याचं मूळ इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी केलेल्या ईएफआयमध्ये. २००५ मध्ये त्यासाठी अनेक कंपन्यांचा मिळून फोरम झाला आणि नावाला 'यू' चिकटला. याला फॅट फाइल सिस्टिम वाचता येते. तो पेन ड्राइव्हवर ईएफआय फोल्डर शोधतो, त्यात बूट फोल्डर, आणि त्यातली 'बूटएक्स६४' ही फाइल एखाद्या प्रोग्रॅमसारखी चालवतो.

म्हणजे एकाच पेन ड्राइव्हला दोन दारं होती. बायोसच्या दारात आयसोलिनक्स बसलेला, यूईएफआयच्या दारात ग्रब. दोन निराळे प्रोग्रॅम, दोघांचे मेन्यू निराळे. माझं २०१५ चं मशिन अधल्यामधल्या काळातलं, त्यामुळे त्यात सीएसएम नावाची सोय होती. ती चालू असली की यूईएफआय मशिन बायोसचं सोंग घेतं. तेवढ्यासाठी पेन ड्राइव्ह दोनदा दिसत होता. सोंगाची ओळ मी निवडली, म्हणून चित्र आलं.

बरं, मग एक देखणा आणि दुसरा रुक्ष का? माझ्या डोक्यातून हे जाईना, म्हणून पेन ड्राइव्ह उघडून आतल्या फाइली पाहिल्या. आयसोलिनक्सच्या फोल्डरात पार्श्वभूमीचं चित्रच ठेवलेलं होतं. पडद्यावर काही काढायचं तर तो बायोसच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या सेवांना हाक मारतो. यूईएफआयमध्ये त्या सेवा नसतात. तो पडद्याचा कोरा तुकडा हातात देतो आणि म्हणतो, काय रंगवायचं ते तुझं तू रंगव. ग्रबला रंगवता येतं, चित्रंही लावता येतात. पण या आयएसओमधल्या ग्रबच्या सेटिंगमध्ये एवढंच लिहिलं होतं: अक्षरं पांढरी, मागे काळं, निवडलेली ओळ काळी, मागे फिकट करडं. बनवणाऱ्यांनी सजावट केली नव्हती, एवढाच काय तो उलगडा. माझी एक संध्याकाळ खाणाऱ्या काळ्या पडद्याचं मूळ सेटिंगच्या दोन ओळींत निघालं.

अक्षरं मुंगीएवढी का, हे मॉनिटरने सांगितलं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत आत्ता येणाऱ्या चित्राचं रेझोल्यूशन दिसतं. जुनं मशिन चालू होताना तिथे ७२० बाय ४०० दिसलं. हा व्हीजीएचा टेक्स्ट मोड: आडवी ८० अक्षरं, उभ्या २५ ओळी, प्रत्येक अक्षर ९ बाय १६ ठिपक्यांचं. गुणाकार करून पाहा, जमतो. नव्यावर १९२० बाय १०८०. अक्षर मात्र साधारण तेवढ्याच ठिपक्यांचं, मग ते बारीक दिसणारच.

लिनक्सच्याच डेबियन या प्रकारवाल्यांनी यात शहाणपणा केलाय. त्यांच्या इन्स्टॉलरच्या मेन्यूच्या मथळ्यातच लिहिलेलं असतं की हा बायोस मोड आहे की यूईएफआय. हे सगळ्यांनीच केलं असतं तर माझ्यासारखे चित्राला भुलले नसते.

आता ती घातक चूक. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं, त्यामुळे डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची. मी इन्स्टॉलर चालवला बायोसच्या सोंगात. त्या पद्धतीत ग्रब आपला पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ठेवतो आणि उरलेलं बिऱ्हाड त्यामागच्या मोकळ्या जागेत. जीपीटीत त्या मागच्या जागेवर विभागण्यांचा, म्हणजे पार्टिशनांचा, तक्ता आधीच ठाण मांडून असतो. ग्रबसाठी वेगळं छोटं पार्टिशन दिलं तर भागतं, पण ते मी केलं नव्हतं. आणि केलं असतं तरी विंडोज एका पद्धतीने आणि लिनक्स दुसऱ्या, म्हणजे ग्रबच्या मेन्यूतून विंडोज कधीच सुरू झालं नसतं, दर वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन अदलाबदल करावी लागली असती. तेव्हा इन्स्टॉल अडलं ते बरंच झालं.

तिसरी संध्याकाळ त्यामानाने सरळ गेली. सीएसएम बंद केलं, त्याबरोबर बूट मेन्यूत पेन ड्राइव्ह एकदाच दिसू लागला. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारी सोय, चालू केलं, तरी अडलं नाही. आधी शिम नावाचा सही केलेला छोटा प्रोग्रॅम चालतो, तो ग्रबची सही तपासतो आणि मग पुढे. काळा पडदा आला, लाइव्ह डेस्कटॉप (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) उघडला, आणि इन्स्टॉलला हात लावण्याआधी खात्री करून घेतली. सिस फोल्डरात फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयच्या दारातून आलात. नसेल तर बायोसच्या. विंडोजवाल्यांसाठी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' ही ओळ असते, तिथे 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' वाचायचं. मग आदल्या दिवशीची अर्धवट पार्टिशनं पुसली आणि इन्स्टॉल केलं. ग्रब विंडोजशेजारी ईएफआय पार्टिशनमध्ये मुकाट जाऊन बसला, आणि मदरबोर्डाच्या स्मृतीत त्याच्या नावाची नोंदही झाली.

जुन्या डेस्कटॉपचं काम एका बैठकीत उरकलं. तिथे एकच दार, त्यामुळे चुकायला वावच नाही. गंमत म्हणजे तिथे मेन्यूआधीचा पडदा ओबडधोबड आणि मेन्यू देखणा. नव्यावर आधी कंपनीचा झुळझुळीत लोगो आणि मेन्यू भकास. विंडोज निवडलं तर तो लोगो तसाच राहतो आणि त्याखाली ठिपके फिरू लागतात. फर्मवेअर आपलं चित्र एका तक्त्यात ठेवून पुढच्याच्या हाती देतं, आणि विंडोज ८ पासून ते तसंच वापरलं जातं. फेडोरा या लिनक्सनेही २०१९ च्या ३० व्या आवृत्तीपासून हे सुरू केलं.

पेन ड्राइव्हला मी कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'काळा पडदा दिसला तरच पुढे जा.' पुढच्याच आठवड्यात मित्राने तो त्याच्या जुन्या लॅपटॉपसाठी नेला आणि रात्री फोन केला, "अरे, इथे तर रंगीत चित्र येतंय. तुझ्या चिठ्ठीचं काय करू?"