मामा, आज मॅच आहे?

आज दुपारी संगीतकार हँडेलचं ‘झेडॉक द प्रीस्ट’ लावलं होतं, तर भाचा आतल्या खोलीतून ओरडला, “मामा, आज मॅच आहे?”

त्याचं बरोबरच होतं. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची ती भारदस्त धून संगीतकार टोनी ब्रिटन यांनी १९९२ साली याच रचनेवरून बेतली. मूळ रचना १७२७ची, इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी केलेली. सुरुवातीला व्हायोलिनं नुसती वर चढत राहतात, हलकेच, दीडेक मिनिट. काहीच घडत नाही, पण आपण सावरून बसतो. आणि मग एकदम कोरस, ट्रम्पेट, नगारे! ब्रिटननी उचलला तो हा चढाव. शेवटचा “द चॅम्पियन्स”चा घोष मात्र त्यांचा स्वतःचा.

भाच्याचा निकाल तयार: “म्हणजे ढापलंय!” मला नाही पटत. हँडेल स्वतःही दुसऱ्यांच्या चाली बिनदिक्कत घ्यायचा. आपल्या नाट्यसंगीतात तरी काय, बंदिशीवर पद बांधलं म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. स्पर्धेच्या आयोजकांना राजेशाही थाट हवा होता; तो जिथे आयता होता तिथूनच ब्रिटननी घेतला. फक्त दीड मिनिटाची ती वाट पाहणं तेवढं कापलं, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

भाचा अजून “ढापलंय”वरच अडून बसलाय.