उत्तर आधी, प्रश्न नंतर: मायक्रोकर्नलमध्ये ट्रेसिंग बसवताना

माझ्या ट्रेसमध्ये, म्हणजे कोणता मेसेज कधी गेला-आला त्या नोंदीत, फाइल सर्व्हर (फाइली वाचून देणारी प्रोसेस) विचारण्याआधीच उत्तर देत होता. १२ दिवस! त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

फोंड्याला घरी बसून मी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डवर स्वतःचा छोटा मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी लहान गाभा) चालवतो. लिनक्समध्ये अशा नोंदींसाठी २००८ पासून एफट्रेस आहे, पण तिथे फाइल सिस्टिम, ड्रायव्हर सगळे कर्नलच्याच पोटात. माझ्याकडे प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं: प्रत्येक जण स्वतंत्र प्रोसेस, बोलणं मेसेजने. एक फाइल वाचायची तर चार-पाच मेसेज इकडून तिकडे जातात. वेळ कुठे जातो ते कळावं म्हणून प्रत्येक मेसेज निघताना आणि पोचताना खूण करायची, एवढंच काम होतं.

खुणा घालायला एक संध्याकाळ पुरली. त्या छापताना पहिली ठेच लागली. बोर्डवरची अक्षरं बाहेर पाठवणाऱ्या सिरियल पोर्टचा ड्रायव्हरही प्रोसेसच, म्हणजे छापायला मेसेज, त्या मेसेजची खूण, ती छापायला आणखी मेसेज. शिवाय ११५२०० बॉडला (पोर्टचा वेग) एका अक्षरालाच सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, आणि मी मोजत होतो त्याहून कितीतरी बारीक गोष्ट. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला मेमरीत वेगळा रिंग बफर (भरला की पुन्हा सुरुवातीपासून लिहायची जागा) दिला आणि छापणं शेवटावर ढकललं.

मग सुरू झालं ते उलटं उत्तर. मला वाटलं, मेसेजची रांगच बिघडलीय. पाठवण्याचा कोड दोनदा नव्याने लिहिला, दिसेल तिथे लॉक लावले. म्हापशाचा मित्र म्हणाला, "अरे, बफर जोडताना तूच क्रम उलटा करत असशील." दोन संध्याकाळी त्यात गेल्या. क्रम बरोबर होता.

वाट दाखवली ती पावसाने. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलेली, रोज सरी, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक, "लाईट गेली मरे!" बोर्ड बंद, पुन्हा चालू. चौथ्यांदा असं झाल्यावर जुने आकडे शेजारी मांडले. एका चालूपणात चूक जवळपास तेवढीच, पण दर वेळी बोर्ड उठला की नवी. कोड तर तोच होता. म्हणजे खोटं बोलत होतं घड्याळ.

पायच्या आर्म प्रोसेसरचा सायकल काउंटर, म्हणजे घड्याळाचे ठोके मोजणारा आकडा, प्रत्येक कोअरचा आपला आपला असतो. खुणांची वेळ मी त्यावरूनच घेत होतो. माझे चार कोअर एकामागून एक उठत, आणि जो तो उठल्यापासून मोजायला लागे. विचारणारा एका कोअरवर, उत्तर देणारा दुसऱ्यावर. फरक काढून वजा केला. आनंद दहा मिनिटं टिकला, कारण थोडा वेळ चालवलं की आकडे पुन्हा सरकू लागले. काम नसलेला कोअर डब्ल्यूएफआयवर (काम येईपर्यंत थांबायची सूचना) झोपतो, तेव्हा त्याचा सायकल काउंटरही थांबतो. हे मी तिसऱ्याच दिवशी मॅन्युअलमध्ये वाचून पान उलटलं होतं!

सगळ्या कोअरना सामाईक असा जेनेरिक टायमर असतो. पाय ४ वर तो ५४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक टिक साधारण १८.५ नॅनोसेकंदांची. १.५ गिगाहर्ट्झला तेवढ्यात सुमारे २८ सायकल होऊन जातात, म्हणून बारीक मोजणीला तो जाडाभरडा. मी दोन्ही आकडे नोंदवतो: कोणतं आधी ते टायमरवरून, एकाच कोअरवरचं काम किती चाललं ते सायकलवरून. काउंटर वाचायच्या आधी आयएसबी (आधीच्या सूचना पुऱ्या होईपर्यंत थांबवणारी सूचना) घाला, नाहीतर प्रोसेसर पुढचं वाचन आधीच उरकून घेतो.

वर सांगायचं राहिलं: क्यूइमूवर (बोर्डची नक्कल करणारा प्रोग्राम) कोड चालतो की नाही तेवढंच बघा, तिथली सायकलची मोजणी धरू नका. आणि प्रोसेसमधून सायकल काउंटर वाचायचा तर कर्नलने परवानगीचा बिट चारही कोअरवर लावावा लागतो. मी पहिल्यावरच लावला होता. बाकी तिघांवर प्रोसेस कोसळत होत्या.

शेवटी फाइल सर्व्हर निर्दोष निघाला. वेळ जात होता झोपलेल्या कोअरला मेसेजसाठी उठवण्यात. ते दुरुस्त करायचंय, पण आईने नेवऱ्या करायला बसवलंय.