उंदराची प्लीहा आणि माणसाचा ताप

जिवंत पण दुबळ्या केलेल्या जिवाणूंची लस प्राण्यांवर तपासताना एकाच जिवाणूला दोन परस्परविरोधी परीक्षांना बसवावे लागते. त्याने प्राण्याला आजारी पाडता कामा नये, आणि तरीही प्रतिकारशक्तीला पुरेशी ओळख पटेपर्यंत त्याने शरीरात तग धरला पाहिजे. म्हणूनच या कामाचा बराचसा वेळ उंदरांची प्लीहा आणि यकृत वाटण्यात, तो लगदा दहा-दहा पट विरळ करून आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, पसरवण्यात आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजण्यात जातो. आकडा फार लवकर शून्यावर आला, तर काही आठवड्यांनी मूळ घातक जिवाणू टोचल्यावर उंदीर बहुधा वाचत नाहीत.

या क्षेत्रातले मला सर्वांत बोधप्रद वाटणारे प्रकरण विषमज्वराच्या लसीचे आहे. साल्मोनेला टायफी हा माणसाचाच जिवाणू असून साध्या उंदराला तो सहसा आजारी पाडत नाही. त्यामुळे त्याचा भाऊबंद टायफिम्युरियम वापरला जातो, कारण तो उंदरात विषमज्वरासारखाच रोग घडवतो. त्यातही बाल्ब-सी आणि सी-५७-ब्लॅक-६ या नेहमीच्या उंदरांमध्ये एनरॅम्प-१ या जनुकाचे सदोष रूप असते, म्हणून ते अगदी थोड्या जिवाणूंनीही दगावतात. म्हणजे परीक्षकच मुळात नाजूक प्रकृतीचा.

गॅल-ई जनुक बिघडलेला टायफिम्युरियम या उंदरांना बाधला नाही, उलट त्याने त्यांचे रक्षण केले. याच धर्तीवर १९७५ मध्ये टीवाय-२१-ए ही तोंडावाटे द्यायची लस पुढे आली आणि ती अनेक वर्षे वापरली गेली. मात्र ती रासायनिक उत्परिवर्तनातून मिळवलेली असल्यामुळे तिच्यात गॅल-ईखेरीज इतरही बदल झालेले होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गॅल-ई जनुक आणि व्हीआय नावाचे बाह्य आवरण हेतुपुरस्सर काढलेला टायफी स्वयंसेवकांना दिला गेला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना विषमज्वर झाला. उंदराने खोटे सांगितले नव्हते. आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळ्या जिवाणूबद्दलचा होता.

एरो-ए जनुक काढण्याची होइसेथ आणि स्टॉकर यांची १९८१ मधली कल्पना मला अधिक पटते, कारण तिच्यामागचे कारण आधीच ठाऊक होते. जिवाणूला लागणारी काही अ‍ॅरोमॅटिक (वलयी रचनेची) संयुगे सस्तन प्राण्यांच्या ऊतींत पुरेशी मिळत नाहीत, त्यामुळे ती स्वतः बनवता न येणारा जिवाणू आत शिरला तरी फारसा वाढू शकत नाही. बीसीजी या क्षयावरील लसीच्या बाबतीत मात्र काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात सुमारे २३० वेळा जिवाणू नव्या माध्यमावर उतरवला. त्यातून नेमके काय गळाले, याचा जनुकीय उलगडा व्हायला पुढे कित्येक दशके लागली.

केवळ सुदृढ उंदरांवर चाचणी करून थांबणे मला घाईचे वाटते. प्रतिकारशक्तीच नसलेल्या एससीआयडी उंदरांना बीसीजी टोचली, तर ती त्यांच्यात आवर न बसता वाढत राहते आणि शेवटी त्यांचा जीव घेते. तशीच जन्मजात उणीव असलेल्या बालकांमध्येही ही लस सर्वांगात पसरून जीवघेणी ठरू शकते.