माझेच दोनशे डॉलर, मलाच उसने

इर्विंगमधल्या नव्या अपार्टमेंटच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, घर मिळेल, पण डिपॉझिट दुप्पट लागेल. का, तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे माणूस बिलं-कर्जं वेळेवर भरतो का हे सांगणारा आकडा, माझा ५६८. वर 'होतं असं कधीकधी' म्हणून तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही. दोन दिवसांनी वीज कंपनीनंही तेच कारण सांगून अनामत मागितली. टेक्सासात गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवतानाही हा आकडा बघतात, हे त्याच आठवड्यात कळलं.

दोन गोष्टी झाल्या होत्या. जुनं घर सोडताना इंटरनेटचं ९४ डॉलरचं शेवटचं बिल जुन्याच पत्त्यावर जात राहिलं आणि शेवटी वसुलीवाल्यांकडे गेलं. दुसरं म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलो, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, सात आठवडे राहिलो आणि इथल्या एकुलत्या एक क्रेडिट कार्डाचं बिल ३८ दिवस थकलं. तीस दिवस उलटले की इथे नोंद होते आणि ती सात वर्षं राहते. आपल्याकडच्या साडेसातीपेक्षा सहा महिने कमी, एवढंच. आता तुम्हीच सांगा, आई दवाखान्यात असताना कोण बिलाची तारीख बघतं? (नवा पत्ता कळवायचा राहिला, हे खरं. पण फोन नंबर तर तोच होता ना!)

मला चीड येते ती ह्याची, की कुणी दार वाजवलं नाही. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचा सचिव मार्च लागला की स्वतः ओट्यावर येऊन बसतो, चहा पितो, कापसाचा भाव विचारतो आणि उठता उठता म्हणतो, "अण्णा, ३१ तारीख." अण्णांनी आयुष्यात ती तारीख चुकवली नाही. एका वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तर आईची पोत सराफाकडे ठेवून पैसे भरले, चार दिवसांनी नवं पीककर्ज उचललं आणि पोत सोडवून आणली. ह्याला गावात 'नवं-जुनं करणं' म्हणतात. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. आणि नाही भरलं तर थकबाकीदारांच्या यादीत नाव लागतं. अण्णांना व्याजापेक्षा भीती त्या यादीची. अशा माणसाचा मुलगा मी, आणि ९४ डॉलरसाठी माझी पत गेली.

बरं, गावाकडची पुण्याईही इथे चालत नाही. जळगावच्या बँकेतून घेतलेलं मोटरसायकलचं कर्ज मी मुदतीआधी फेडलं होतं, तिकडचा सिबिलचा स्कोअर ७८० च्या वर होता. त्या सिबिलच्या नावाआधी आता ट्रान्सयुनियन लागतं, आणि माझा इथला कच्चा चिठ्ठा ठेवणाऱ्या तीन कंपन्यांत तीच ट्रान्सयुनियन आहे. उरलेल्या दोन इक्विफॅक्स आणि एक्स्पेरियन. पण तिकडची वही तिकडे, इकडची इकडे. स्कोअर तिकडे ३०० ते ९००, इकडे ३०० ते ८५०.

शेवटी एका बँकेत गेलो. काउंटरवर आईच्या वयाची मेक्सिकन बाई होती. तिनं स्कोअर बघितला, चेहरा जराही बदलला नाही, आणि पावतीच्या पाठीमागे पेनानं लिहून समजावलं. सिक्युअर्ड कार्ड घ्यायचं: दोनशे डॉलर बँकेत ठेवायचे, तेवढीच कार्डाची मर्यादा, आणि दर महिन्याला त्या तीन कंपन्यांना कळतं की हा माणूस भरतो. (आपल्याकडे एफडीवर कार्ड देतात, तसलंच.) स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याचं वजन ३५ टक्के, किती उचललंय त्याचं ३० टक्के. "ह्यावर फक्त पेट्रोल भर," ती म्हणाली, "बाकी काही नको." माझ्या गावात एवढ्या तपशिलानं बँकेतल्या कुणी कुणाला काही समजावलेलं मी तरी बघितलेलं नाही. तिथे 'जेवणानंतर या' ऐकूनच मोठा झालो.

रात्री अण्णांना फोनवर सांगितलं. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पैसा आपलाच शे ना? मंग उधारी कसानी?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीटसं नाही. माझेच दोनशे, मलाच उसने, आणि ते मी परत केले म्हणून शाबासकी! पण अण्णांचा प्रश्न निव्वळ हिशेबाचा नव्हता. गावाजवळच्या एका पतसंस्थेत त्यांनी कापसाचे १ लाख ४० हजार ठेवले होते. ती बुडाली. ठेवीची पावती अजून कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी. ठेव म्हटलं की त्यांना ती पिशवी दिसते.

पहिले दोन महिने फक्त पेट्रोल भरलं, त्या बाईनं सांगितल्यासारखं. तिसऱ्या महिन्यात दिवाळी आली आणि देशी दुकानात माझा हात सुटला. बाजरीचं पीठ, तीळ, शेंगदाणे, शेवभाजीचा मसाला आणि भरतासाठी वांगी. ती इथली काळीजांभळी, आपल्या हिरव्यापांढऱ्या वांग्याची सर कुठून येणार, भाजल्यावर नुसतं पाणी. १७१ डॉलर झाले. मुदतीच्या आठवडाभर आधी पैन्‌पै भरली, तरी स्कोअर २३ नं उतरला! मी बँकेत जाऊन भांडायच्याच तयारीत होतो.

त्या बाईनं परत पेन काढलं. माझं बिल २२ तारखेला बनायचं आणि त्या दिवशी कार्डावर जेवढी बाकी दिसते तेवढीच पुढे कळवली जाते. मी भरणार पुढच्या महिन्यात, पण तोवर कागदावर माणूस दोनशेपैकी १७१ उचलून बसलेला, म्हणजे ८५ टक्के. तीसच्या आत ठेवलेलं बरं, आणि जास्त खर्च झाला तर २२ च्या आधीच भरून टाकायचं. बरं झालं, भांडण ओठांवरच राहिलं. तेव्हापासून २० तारखेचा गजर लावलाय. गजराला नाव दिलंय 'सचिव'.

आठव्या महिन्यात स्कोअर ६४३ झाला. बँकेनं कार्ड साधं करून दिलं आणि दोनशे डॉलर खात्यात परत आले. व्याज काही दिलं नाही. वसुलीची नोंद आहे तिथेच आहे. ९४ भरून टाकले तरी ती पुसली गेली नाही.

अण्णांना फोन केला. स्कोअरचं त्यांनी काही विचारलं नाही.

"पुरा पैसा उनात का?"

"हो, पुरे."

"दोनशेच्या दोनशे?"

"हो अण्णा."

मग त्यांनी मागे वळून आईला सांगितलेलं ऐकू आलं.