तुम्ही विचारलंत म्हणून: क्षेपणास्त्रच का?

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून थरावर थर रचणाऱ्या यंत्रावर, मी एका क्षेपणास्त्राचं छोटं मॉडेल छापतो. ते बघून लोक दोन प्रश्न विचारतात.

"उडतं का हो हे?" हा पहिला प्रश्न मी सोडूनच देतो. पोकळ प्लास्टिक आहे, पंख्याच्या वाऱ्यानं शेल्फवरून खाली येतं, तेवढंच त्याचं उडणं. दुसरा प्रश्न मात्र टाळता येत नाही: "काका, घरात एवढं थ्रीडी प्रिंटर आहे, तर गणपतीचं मखर करा की. मारायच्या वस्तू कशाला?"

डिसेंबर १९७१मध्ये मी सात वर्षांचा होतो. परळच्या आमच्या चाळीत ब्लॅकआऊट होता, काचांना काळे कागद, आणि फट राहिली की खालून आरडाओरडा. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या बोटींनी पाकिस्तानातल्या कराचीवर क्षेपणास्त्रं डागली. ती सोव्हिएत बनावटीची पी-१५. बोटीवर ती बंद डब्यात असायची, त्यामुळे दिसतात कशी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आपला दिवाळीतला बाण समजून चाललो होतो. पन्नास वर्षं!

मग एकदा प्रिंटरसाठीची पी-१५ची फाइल उघडली, आणि पडद्यावर चक्क विमान! दोन आखूड पंख, शेपटीला तीन पाती, आणि पोटाखाली एक नळकांडं, जे उडाल्यावर गळून पडतं. हे हातात धरून बघायचंच, असं तेव्हाच ठरलं. मारायची वस्तू आहे, खरंय. निर्घातनं बुडवलेल्या खैबर या पाकिस्तानी युद्धनौकेवर माणसं होती, हेही ठाऊक आहे मला. पण कुतूहल त्या मुलाचं आहे, आणि त्याला उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

मूळ लांबी ५.८ मीटर, चोविसाव्या हिश्श्यानं केलं की २४ सेंटिमीटर. गोम इथे आहे: सगळंच चोविसानं भागलं की पंखाची एक सेंटिमीटरची कड ०.४ मिलिमीटर होते, आणि माझ्या नोझलचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाचं, भोकच ०.४. म्हणून कडा मी मुद्दाम जाड करतो. मापाचे पक्के लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. शेपटीची पाती आधी धडासकट उभी छापली होती. थरांच्या जोडावरच तुटली, बोट लागताच. आता वेगळी, आडवी छापतो आणि यू-पिनची तार घालून चिकटवतो. पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, ओल धरतं, नोझलमध्ये चुरचुरतं, पंखाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर ते रीळ पापडाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पापड कुठे गेले, हे घरी विचारू नका.

आता क्षेपणास्त्राचा तो बंद डबा करायचाय. बोटीवर चार असत, म्हणजे चार डबे, चार क्षेपणास्त्रं. आणि खाली बोट हवी असेल तर याच मापात ती १.६ मीटर. दिवाणाखाली मावते, मी मोजून बघितलंय.